यादीत नसलेलं नातं

साल २००९. त्या वसंतात मास नदी काठोकाठ भरून संथ वाहत होती आणि मास्त्रिख्तमधल्या एका संशोधन संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावर वेंडेलीन क्रायनेन चौदा खणांवर राज्य करत होती. खणांत नकाशे होते, पेशीच्या आतले. साखरेचं पुढे काय होतं, चरबी कुठल्या वाटेने जळते, कोण कुणाला जागं करतं, कोण कुणाला अडवतं, हे सारं तिने एकतीस वर्षं पेन्सिलीने बाण काढून मांडलं होतं.

जुलैत ती निवृत्त होणार होती. त्याआधी, येत्या गुरुवारी, हेगहून समिती येणार होती. समितीला दाखवायला तोवर काही नकाशे नमुन्यादाखल यंत्रात भरायचे होते. त्यांना पटलं तर सगळे नकाशे संगणकावर चढणार आणि जगभरातल्या संस्थांच्या माहितीशी जोडले जाणार. नाही पटलं तर काम बंद, नकाशे रद्दीत.

"मला तीन दिवस पुरेत," वेंडेलीन म्हणाली. "एकतीस वर्षं पेशी माझं ऐकते. यंत्र न ऐकून सांगतं कुणाला?"

संगणकाचं बघणारा हूब तिच्यापेक्षा तीस वर्षांनी लहान आणि तिच्याहून तिप्पट काळजीखोर. "यंत्राला तीन तुकड्यांचीच वाक्यं कळतात, बाई. कोण, काय करतं, कुणाला. आणि मधलं नातं या यादीतलंच हवं. जागं करतं, अडवतं, अमुक ठिकाणी असतं, तमुकचा भाग आहे. शेवटचं 'म्हणजेच' आहे ना, ते जपून वापरा."

"का रे, चावतं?"

"चावत नाही. विश्वास ठेवतं."

आधी ओळखीच्या गोष्टींवर हात बसवा, असं हूबने सांगितलं होतं. वेंडेलीन खिडकीबाहेर बघत बसली. वाळू भरलेली एक नाव इतकी हळू चालली होती, की काठच हलतोय असं वाटावं. तिने लिहिलं: कॉफी – जागं करते – दीदरिकला. दीदरिक – असतो – दुसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळ. आल्बेर्तीन – अडवते – दीदरिकला.

दीदरिक म्हणजे विभागाचे प्राध्यापक, आल्बेर्तीन त्यांची बायको. वाढदिवसाला आणलेल्या जर्दाळूच्या व्लायची, म्हणजे तिकडच्या फळं भरलेल्या गोड पायची, दुसरी फोड दीदरिकनी उचलली, की पाच किलोमीटरवरून तिचा फोन येई.

वेंडेलीनला गोडी लागली. जग सुटं नाहीच, नुसतं ओवायचं राहिलंय, असं तिला वाटू लागलं. त्याच तंद्रीत बुधवारी ती यकृतात चरबी जाळणाऱ्या वाटेच्या नकाशापाशी आली. या वाटेपायी दीदरिकनी आयुष्य घातलं होतं. ते कुठेतरी नोंदायला नको? तिने यादी दोनदा चाळली. आयुष्य घातलं, असं नातं तिच्यात नव्हतं. मग तिने त्यातल्या त्यात जवळचं निवडलं. दीदरिक – म्हणजेच – चरबी जाळण्याची वाट. समाधानाने सायकल काढली आणि ती घरी गेली.

गुरुवारी समिती बसली. प्रमुख हिल्केमाबाई कमी बोलणाऱ्या. "विचारा तुमच्या यंत्राला," त्या म्हणाल्या. "चरबी जाळण्याची वाट कशाने जागी होते?"

पडद्यावर आलं: कॉफी.

"हं. शरीरात कुठे असते?"

दुसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळ.

हूबचे कान लाल झाले.

"आणि तिला अडवतं कोण?"

आल्बेर्तीन.

समितीतल्या एका गृहस्थांनी पेन उघडलं. "हे नवीन प्रथिन का?"

"माझी बायको," दीदरिक म्हणाले. "ती मला अडवते हे ठाऊक होतं. यकृतापर्यंत पोचली असेल असं वाटलं नव्हतं."

हूब ती ओळ खोडायला धावला, तर पडद्यावर उप्सालाच्या संस्थेकडून आलेलं पत्र. नमुन्याची माहितीही सगळ्यांना खुली, त्यामुळे सकाळीच तिथल्या यंत्राने ती उचलली होती. 'तुमचे दीदरिक उपाशीपोटी अधिक वेगाने चालतात असं दिसतं. कृपया दुजोरा द्यावा.'

"साफ खोटं," दीदरिक म्हणाले. "उपाशीपोटी मी खुर्चीतून उठत नाही."

वेंडेलीनला आपले चौदा खण हातगाडीवरून जाताना दिसले. ती उभी राहिली. "चूक माझी आहे."

"कशावरून?" हिल्केमाबाईंनी विचारलं.

हूबने कळ दाबली. यंत्राने ते उत्तर कसं काढलं ते पायरीपायरीने दाखवलं आणि प्रत्येक पायरीखाली ती कुणी लिहिली, कधी लिहिली. 'म्हणजेच'च्या खाली होतं: वेंडेलीन क्रायनेन, बुधवार, चार वाजून दहा मिनिटं.

हिल्केमाबाईंनी चष्मा काढला. "आणि कागदावरच्या चुका?"

खोटं बोलायचं ठरवूनही वेंडेलीनला जमलं नाही. "सातव्या खणात एक बाण उलटा आहे. सव्वीस वर्षं. माझ्या हातचा नाही, आणि कुणी काढला ते अजून कळलेलं नाही."

"बहुतेक मी," दीदरिक म्हणाले.

"म्हणजे यंत्राने एका दिवसात गुन्हेगार दिला, आणि कागद सव्वीस वर्षं लपवून बसला." हिल्केमाबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. "पण बाई, 'म्हणजेच' का लिहिलंत?"

"आयुष्य घातलं, असं नातं यादीत नव्हतं."

हिल्केमाबाईंनी चष्मा पुन्हा चढवला. "मग यादीत भर घाला," त्या म्हणाल्या, आणि मंजुरीवर सही केली.

हूबने भर घातली. पुढे उप्सालाला खुलासे लिहिता लिहिता त्याने पत्र पाठवणाऱ्या मुलीशी लग्न केलं. ती अजून प्रत्येक गोष्टीला दुजोरा मागते. हिल्केमाबाई दर नव्या वर्षी कार्ड पाठवतात, तीन शब्दांचं. आल्बेर्तीनने त्या आठवड्यापासून दीदरिकची कॉफीही बंद केली. खण शेवटी रद्दीतच गेले, पण रिकामे.

दीदरिक २०१६च्या हिवाळ्यात गेले.

समिती आली त्या गुरुवारी सकाळी एका दूरच्या संस्थेनेही आपली प्रत उतरवून घेतली होती आणि ती सुधारायची राहून गेली. तिथे दीदरिक अजून आहेत. दुसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळ, कॉफीने जागे होतात. त्यांच्या वाढदिवसाला वेंडेलीन व्लायच्या दोन फोडी घेऊन बसते आणि ती नोंद उघडून बघते.

दोन वर्षांपूर्वी त्या संस्थेने तिलाच लिहून विचारलं, ही नोंद बरोबर आहे का. एकतीस वर्षं एकेक बाण तपासलेल्या वेंडेलीनने उलट टपाली कळवलं, "तपासणी चालू आहे. घाई करू नये."