पेटीसकटचा पाव मैल

वामनराव नेने कुणालाही पहिल्यांदा भेटले की नमस्कार करत नसत. "गाडी कोणती?" असं विचारत. समोरचा बिचारा काहीतरी नाव सांगे. लगेच दुसरा प्रश्न येई, "पाव मैल किती सेकंदांत?"

आता मला सांगा, ओहायोत नुकत्याच आलेल्या, कढीपत्ता कुठे मिळतो याच्या शोधात असलेल्या माणसाला हे कसं ठाऊक असणार? तो आपला चाचरत मायलेज सांगायचा. मग वामनराव खिन्नपणे मान हलवायचे. "ते कागदावरचं झालं. पट्टीवरचं सांगा."

पट्टी म्हणजे ड्रॅग स्ट्रिप. सरळसोट पाव मैलाचा रस्ता. दोन गाड्या शेजारीशेजारी उभ्या राहतात, दिवा हिरवा झाला की सुसाट सुटतात, आणि तुम्ही शेंगदाण्याची पुडी उघडेपर्यंत खेळ खल्लास. या पट्टीवर वीस वर्षांपूर्वीच्या दांडग्या इंजिनांच्या अमेरिकन गाड्या, ज्यांना तिकडे मसल कार म्हणतात, त्यातली कुठली किती सेकंदांत गेली, याची वामनरावांनी खिशात मावणारी जाडजूड वही केली होती. शेव्हेलविरुद्ध चार्जर, चार्जरविरुद्ध मस्टँग. ज्या गाड्या जन्मात एकमेकींसमोर उभ्या राहिल्या नाहीत, त्यांच्याही शर्यती हे गृहस्थ वहीत लावायचे. आणि निकाल मला ऐकवायचे.

मलाच का? कारण माझे भोग. ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. आम्ही दोघं ओहायोतल्याच डब्लिनला राहायचो, कोलंबसच्या एकाच ऑफिसात पाण्याच्या पाइपांचे नकाशे काढायचो. आमची एकुलती एक गाडी माझी बायको शैला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये न्यायची. त्यामुळे मी रोज सकाळ-संध्याकाळ वामनरावांच्या स्टेशन वॅगनमध्ये, त्यांच्या शेजारच्या सीटवर, पट्टा लावून बसलेलो. पळणार कुठे?

"दिलीप, समजा शेव्हेलला थंड हवा मिळाली आणि चार्जरला दमट. मग?"

"मग काय, वामनराव?"

"मग तूच सांग ना!"

एकदा मी कंटाळून म्हणालो, "चार्जर जिंकेल." झालं! चार्जर का जिंकणार नाही, हे मी पुढचे चार दिवस ऐकलं. तेव्हापासून मी कानाला खडा लावला.

आणि विनोद म्हणजे, वेगाचा हा महर्षी स्वतः हायवेवर पंचेचाळीसच्या वर जायचा नाही. मागून ट्रकवाले भोंगे वाजवून बेजार. शाळेच्या बसमधली पोरं आम्हाला ओव्हरटेक करताना हात हलवायची. वामनराव शांतपणे म्हणत, "त्यांना घाई आहे."

त्यात त्या वॅगनच्या मागे, ताडपत्रीखाली काहीतरी खडखडायचं. प्रत्येक वळणाला खडाड्! मी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "मागे काय आहे हो?"

"वजन आहे. बर्फात मागची चाकं घसरत नाहीत."

हे पटण्यासारखं होतं. तिकडे बरेच लोक थंडीत डिकीत वाळूच्या पिशव्या टाकतात. पण जुलै आला, अंगाची लाही लाही व्हायला लागली, तरी खडाड् चालूच. मी म्हटलं, "आता काढा की ते वजन." तर म्हणाले, "लागलेली सवय मोडू नये." हात टेकले मी!

गणपतीत तर कहर. मंडळाची आरती शाळेच्या हॉलमध्ये व्हायची. सगळे डोळे मिटून टाळ्या वाजवताहेत आणि वामनराव हातात स्टॉपवॉच धरून उभे. शेवटचा मोरया झाला की प्रसादाच्या आधी जाहीर करायचे, "गेल्या वर्षीपेक्षा अकरा सेकंद कमी. सुरुवात चांगली झाली, मध्ये जोशीकाकू रेंगाळल्या." जोशीकाकू दोन वर्षं त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

"यांचं ते घड्याळ कुणीतरी काढून घ्या हो," त्यांची बायको, सुमतीवहिनी, सगळ्यांना सांगायच्या. हसत सांगायच्या, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचायचं नाही. त्याचं कारण आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि तो विषय कुणी काढत नव्हतं. त्यांची एकुलती एक मुलगी, मीनल. इथेच जन्मलेली, हुशार. दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं आणि इंडियानातल्या एका गॅरेजमध्ये जुन्या गाड्या शर्यतीसाठी तयार करायला लागली. त्यावरून बापलेकीचं कडाक्याचं भांडण झालं. "हे मेकॅनिकचे धंदे माझ्या घरात नकोत," असं वामनराव बोलून गेले. ती घरातूनच गेली. तीन वर्षं झाली होती. तिचा फोन यायचा, तो वहिनींसाठी. वामनराव शेजारच्या खोलीत बसून राहायचे.

वामनरावांचं हे पाव मैलाचं वेडही तीन वर्षांचंच. त्याआधी त्यांना गाडीत पेट्रोल कुठून भरतात, एवढंच ठाऊक होतं. मी इंजिनीअर माणूस, दोन आणि दोन चार करायला मला काय हरकत होती? पण नाही केले. मी आपला माझ्या कानांची काळजी करत बसलो.

मग एका जूनमध्ये वहिनींचा मला फोन आला. मीनलच्या गॅरेजची टीम आमच्या जवळच्या पट्टीवर येणार होती, रविवारी. "हे जातो म्हणतायत. नुसते बघायला नाही, वॅगन पळवणार आहेत म्हणे! भावजी, तुम्ही बरोबर जा. एकटे गेले तर पार्किंगमधूनच परत येतील. आणि या वेळी बोलले नाहीत ना, तर मुलगी गेली माझी. मला कळतं ते."

यावर नाही कसं म्हणणार?

वॅगन पळवणार म्हणजे काय, तर तिथे रविवारी कुणीही येऊन पळवू शकतो. नियम मोठा गमतीचा. आपली गाडी किती सेकंद घेईल, तो आकडा आधीच आपण बुटाच्या पांढऱ्या पॉलिशने काचेवर लिहायचा. दोन गाड्यांच्या आकड्यांत जेवढा फरक, तेवढा वेळ हळू गाडीला आधी सोडतात. म्हणजे बैलगाडीही विमानाला हरवू शकते. फक्त एक मेख. लिहिलेल्या आकड्यापेक्षा लवकर पोचलात तर बाद! स्वतःला कमी लेखलंत म्हणून हरलात. वामनरावांसारख्या माणसासाठीच हा खेळ काढला असावा.

मग काय, तीन शनिवार सकाळी सहाला मी मक्याच्या शेताकडेला स्टॉपवॉच घेऊन उभा. पाव मैल पलीकडून वामनराव दिवे लुकलुकवायचे आणि वॅगन खडखडत यायची. अठ्ठावीस वेळा! डास मला खात होते आणि हे सरासरी काढत होते. शेवटी आकडा ठरला. एकवीस पूर्णांक चार.

रविवारी पट्टीवर पोचलो. तपासणीला उभ्या असलेल्या गोऱ्याने मागचं दार उघडलं आणि म्हणाला, "गाडीत सुटं काही चालणार नाही. हे बाहेर काढा."

तेव्हा मी ते वजन पहिल्यांदा पाहिलं. निळी, लोखंडी, हत्यारांची पेटी. दोन हातांनी उचलली तरी कंबर बोलली. मी ती गवतावर ठेवली आणि घाम पुसत तिच्यावरच बसलो.

"वामनराव, आता आकडा बदला. पेटीशिवाय गाडी लवकर पोचेल."

"नाही. तो पेटीसकटचा आकडा आहे."

"अहो, पेटी माझ्या बुडाखाली आहे!"

"असू दे," म्हणाले, आणि गाडी घेऊन रांगेत गेले. मला वाटलं, आता डोकं कुठे आपटावं?

"दिलीपकाका?"

वळून बघतो तर मीनल. हाताला ग्रीस, केस रुमालात बांधलेले. माझ्याकडे बघत नव्हतीच. मी ज्यावर बसलो होतो तिकडे बघत होती.

"Can you get up, please?"

मी उठलो. झाकणाच्या कोपऱ्यात लाल नेलपॉलिशने तिचं नाव होतं. तिने कड्या उघडल्या. आत एकेक पाना फडक्यात गुंडाळलेला, तेल लावून पुसलेला. तीन वर्षांत गंजाचा ठिपका नाही. सोमवारी सकाळी वामनरावांच्या हाताला तेलाचा वास का येतो, हे मी एकदा विचारलं होतं. "डोक्याला लावतो," म्हणाले होते. डोक्याला तर केस नव्हते!

"He said he was taking it to the dump," मीनल म्हणाली. "त्या दिवशी. मी window मधून बघितलं."

म्हणजे हा माणूस पेटी फेकायला निघाला, फेकवली नाही. परत घरात आणावी तर 'माझ्या घरात नकोत' म्हणून बसलेला. म्हणून तीन वर्षं ती ऑफिसला नेली आणली, बर्फाचं नाव सांगून. आणि मुलीशी कधी बोलणं झालंच, तर बोलायला काहीतरी हवं, म्हणून वही. मला माझीच लाज वाटली.

तेवढ्यात हिरवा दिवा लागला. वॅगन निघाली. बऱ्याच वेळाने शेजारून एका प्लंबरची शेव्हेल गरजत सुटली. वामनराव आधी पोचले. आणि बाद झाले, अर्थातच! लिहिलेल्या आकड्यापेक्षा पाव सेकंद लवकर.

ते हळूहळू परत आले, गाडीतून उतरले आणि तिला बघून तिथेच थांबले. माझा जीव टांगणीला. तीन वर्षं ज्यांचं तोंड बंद व्हावं म्हणून मी देव पाण्यात ठेवले, ते नेमके आता मुके!

शेवटी मीनलच म्हणाली, "बाबा, पेटी काढली तर number का नाही बदलला?"

वामनरावांनी चष्मा काढला, पुसला. "तीन वर्षं पेटी धरूनच सगळं मोजलंय, बाळ. पेटीशिवाय गाडी कशी चालते, मला ठाऊकच नाही."

मीनलने बाहीने काचेवरचा आकडा पुसला. मग वडलांच्या खिशातली वही काढून घेतली आणि दोघं पेटीवर शेजारीशेजारी बसले. पाचव्या मिनिटाला मला आवाज आला, "No बाबा, चार्जर का नाही जिंकणार? कागदावरचं नको सांगू!" मी गुपचूप कॉफी आणायला गेलो. बऱ्याच लांबच्या टपरीवरून आणली.

सोमवारी सकाळी वॅगन आली. मी बसलो, पट्टा लावला. लायब्ररीपाशी वळण आलं, जिथे सगळ्यात मोठा खडाड् व्हायचा. आम्ही दोघंही वाट बघत होतो. गाडी मुकाट्याने वळली.

"नेली तिने," वामनराव म्हणाले. पुढच्या सिग्नलला म्हणाले, "रविवारी फोन करणार आहे. मला." मग मागचं दाखवणारा आरसा सरळ केला. "आता बर्फात गाडी घसरणार, दिलीप."

"घसरू द्या. मी बसेन मागे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, गाडी कडेला घेतली, खिशातून वही काढली आणि पेन उघडलं.

"तुझं वजन किती?"