शनिवारचं वजन

मालू सातव्यातच बाळंत झाली. पाळणा आणायचा राहिला होता, दुपटी शिवायची राहिली होती, आणि मुलगी तर येऊन ठेपलीही. एवढीशी, की बापाच्या हातरुमालात मावावी. तिला कापसात गुंडाळून चहाच्या रिकाम्या खोक्यात ठेवलं, दोन्ही अंगांना गरम पाण्याच्या बाटल्या लावल्या. दूध पाजायला फाउंटन पेनात शाई भरायचा ड्रॉपर घेतला. मालूचा नवरा कमळाकर मिठागराच्या कचेरीत कारकून होता, त्यामुळे ड्रॉपरची घरात कधीच ददात नव्हती.

दीड महिन्याने डॉक्टरांनी मुलीला खोक्याबाहेर काढू दिलं, पण एक अट घालून.

"दर शनिवारी वजन करून मला सांगायचं."

"पण तुमचा काटा तर दुरुस्तीला मुंबईला गेलाय," मालू म्हणाली.

"मग वाण्याकडे करा. आमचा पौंड आणि त्याचा रत्तल एकच."

मालूच्या सासूबाईंना, ठमाबाईंना, हे बिलकूल पसंत नव्हतं. "पोर म्हणजे काय गुळाची ढेप आहे? तोललेल्या पोराला दृष्ट लागते," त्या म्हणाल्या. तरी शनिवारी त्याच पुढे झाल्या. काशिराम वाण्याच्या दुकानात आढ्याला टांगलेला मोठा काटा होता. पोत्यातला माल त्यावर तोलत. एका पारड्यात दुपटं अंथरून मुलीला ठेवलं मात्र, ती एकामागून एक सात वेळा शिंकली. नुकत्याच तिथे मिरच्या तोलल्या होत्या.

"वहिनी, इकडच्या पारड्यात घ्या," काशिराम लगबगीने म्हणाला. त्याने वजनांच्या पारड्यात मुलगी आणि मालाच्या पारड्यात वजनं, अशी अदलाबदल केली. पावणेचार रत्तल भरली. घरी आल्यावर ठमाबाईंनी मीठमिरच्यांनी दृष्ट काढली. मिरच्या काशिरामकडच्याच.

दुसऱ्या शनिवारी चार भरले. काशिरामने आपण होऊन खडीसाखरेचा खडा मालूच्या हातावर ठेवला. गिऱ्हाईकाला फुकट काही देण्याची ही त्याची पहिलीच वेळ असावी.

मग दिवाळी जवळ आली. पोहे, रवा, गूळ घ्यायला दुकानात गर्दी लोटली, आणि तिसऱ्या शनिवारी मुलगी पुन्हा चारच भरली. आठवडाभर रात्रंदिवस दूध ओढून चारच.

डॉक्टर गंभीर झाले. "पुढच्या शनिवारी साडेचार नसेल, तर मुंबईच्या हॉस्पिटलात ठेवावं लागेल. तिथे आईला राहता येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो."

मुंबई म्हणजे ठाण्यावरून एस.टी.ने अर्धा दिवस, आणि परत येताना रिकामी ओटी. मालूने मुलीला आणखी घट्ट धरलं. ठमाबाईंनी मात्र युद्ध पुकारलं. सकाळी अळिवाची खीर, दुपारी डिंकाचा लाडू, संध्याकाळी खसखस. चार दिवसांत मालूचं वाढलेलं वजन काट्याशिवाय दिसू लागलं. मुलीचं कळायला मार्ग नव्हता. मालू तिला घटकेघटकेला उचलून पाही. दर वेळी ती जड वाटे, आणि दर वेळी काटा आठवे.

बुधवारी गुणाबाई कोळीण बोंबील घेऊन दारात आली. मालूचे सुजलेले डोळे पाहून तिने पाटी उतरवली, सगळी हकिगत ऐकली, हात धुतले आणि मुलीला ओंजळीत घेतलं.

"चार कोन बोलतो?"

"काशिरामचा काटा."

"मालूबाय, तीस वरसं मी हातावं मासली तोलतंय. ही साडेचाराच्या खाली नाय. चल माझ्यासंगं."

ठमाबाईही मागोमाग निघाल्या. दुकानात गुणाबाईने मुलीला नेहमीच्या, वजनांच्या पारड्यात ठेवलं. चाराला नवटाक वर. मग मालाचं पारडं पदराने लख्ख पुसलं.

"आता हिकडं ठेव."

"अगं, मिरच्या तोलल्यात तिथे," काशिराम म्हणाला.

"पुसल्या ना."

मुलीला त्या पारड्यात ठेवलं आणि वजनं दुसरीकडे गेली. मुलगी पाच रत्तलांच्या वर गेली.

"पाच," ठमाबाई हात जोडून म्हणाल्या. "अळिवाचा गुण. चल मालू, डॉक्टरांना सांगू."

"आई, आत्ता ती चार होती," मालू म्हणाली. "मला खरं वजन हवंय. खोटं सांगून हिला घरात ठेवली आणि काही झालं तर?"

गुणाबाई वाकली आणि मालाच्या पारड्याच्या बुडाखालून हात फिरवला. तिथे मेणाचा गोळा चिकटवलेला होता. जुना लिंबाएवढा, आणि त्यावर दिवाळीनिमित्त दुसरा. मालाच्या पारड्यात जे पडे ते जास्त भरे, आणि समोरच्या पारड्यातली मुलगी तेवढीच कमी. गुणाबाईने काशिरामकडे पाहिलं. काशिराम मुलीकडे पाहत होता. त्याचा चेहरा तांदळाच्या पिठासारखा झाला होता.

"काशिरामशेट," गुणाबाई हळूच म्हणाली, "काटा दमलाय तुमचा. शनवारपावेतो बरा करा. मी येनार हाय."

"करतो," काशिराम म्हणाला. मग मालूकडे न पाहता पुटपुटला, "वहिनी, काळजी करू नका."

गुरुवारी, ऐन दिवाळीच्या गर्दीत, त्याने मोठा काटा उतरवून ठेवला होता. शनिवारी पारडी घासूनपुसून चकचकीत टांगलेली. मुलगी आधी एका पारड्यात, मग दुसऱ्यात. दोन्हीकडे पावणेपाच. मालू तिथेच पोत्यावर बसली आणि मुलीची टाळू हुंगत राहिली. काशिरामने उगाचच डोळे पुसले, म्हणाला, मिरच्या.

डॉक्टर खूश झाले. "मुंबईचं रद्द. पण वजन चुकवायचं नाही. चालायला लागेपर्यंत दर शनिवारी, ह्याच काट्यावर. फार अचूक दिसतो."

तेव्हापासून दर शनिवारी मालू मुलीला घेऊन येते, आणि गुणाबाईही न चुकता येते. वजन झालं की ती दोन्ही पारड्यांच्या बुडाखालून हात फिरवून बोटं मोडते. "पोरीची दिष्ट काढतंय," असं सगळ्यांना सांगते.

आळीतल्या बायकांना एक नवल उलगडेना. नेहमी वीस तारखेला संपणारे तांदूळ महिनाअखेरपर्यंत पुरू लागले.

"माझ्या नातीचा पायगुण हो," ठमाबाई भर दुकानात सांगतात. "तुझ्या दुकानात तिचा पाय लागला आणि सगळ्यांच्या डब्यांत बरकत आली. होय की नाही, काशिराम?"

"होय, मावशी," काशिराम म्हणतो.

परवा गर्दी ओसरल्यावर त्याने मालूला हळूच विचारलं, "वहिनी, साधारण चालायला कधी लागेल ही?"

"सातव्यातली आहे ना," मालू दुपटं सारखं करत म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, हिला जरा उशीरच लागेल."

काशिरामने मान हलवली आणि मुलीच्या मुठीत खडीसाखरेचा खडा ठेवला. न तोलता.