आजीचं कोरं नाव

नावाशिवाय माणूस जगू शकतो, कार्यालय जगू शकत नाही. म्हणून आमच्या गावात 'स्त्री-नाम अर्थ व उगम कार्यालय' आहे. मुलीचं नाव ठेवायचं तर आधी त्याचा अर्थ आणि उगम इथं पटवून द्यावा लागतो. (मुलग्यांना ही अट नाही. त्यांची नावं थेट दारावर लागतात.) काम इतकं चोख, की शंभरातल्या नव्वद मुली बिननावाच्या राहिल्या, पण बिनअर्थाची एकही निसटली नाही.

शेजारची सून तान्ही लेक घेऊन तिथं गेली. लेकीला सासूचं नाव द्यायचं, दुसरं नाही, असा तिचा हट्ट. सोबत सासू-सासरे होतेच.

"अर्थ?" साहेबांनी विचारलं.

"मी," आजी म्हणाली.

"उगम?"

"आईच्या तोंडून."

"असं चालत नाही, आजी. बरं, नाव वापरात असल्याचा साक्षीदार? आजोबा, तुम्ही यांना काय हाक मारता?"

"अगं."

"आणि सूनबाई, तुम्ही?"

"आई."

चौकशीत निघालं, की दीर वहिनी म्हणतात, आळी काकू म्हणते, दूधवाला मावशी. साहेबांनी चष्मा पुसून अत्यंत न्यायाचा निकाल दिला: लग्नापासून नाव कोणी वापरलेलंच नाही, सबब ते कोरं आहे, कोऱ्या नावाला अर्थ लागत नाही, नातीला द्यायला हरकत नाही.

सून हरखली. आजोबांची छाती फुगली. "बघ, किती जपून ठेवलं मी!"

दाखला तयार झाला. शिपायानं दारात उभं राहून खणखणीत आवाजात नाव पुकारलं. नात झोपलेली. आजी मात्र बाकावरून ताडकन उठली.

"ओ!"

साहेबांचा नाइलाज झाला. नाव वापरात आहे, हे त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. परवानगी रद्द.

"काय हो आई, जरा गप्प बसायचं ना!" सून रडकुंडीला आली.

आजीचं लक्षच नव्हतं. ती शिपायाला म्हणाली, "बाबा, आणखी एकदा मार की हाक."

"एका अर्जाला एकच हाक, मावशी," शिपाई म्हणाला.

नातीला तूर्त 'अगं' हे नाव मंजूर झालं आहे. त्याला अर्थ, उगम, साक्षीदार काही लागत नाही, आणि ते जन्मभर पुरतं.

आजीचं खरं नाव काय, असं तुम्ही विचाराल. सांगतो. आधी तुमच्या आजीचं सांगा. कोणाला फोन न करता.