वाटीखालची रेघ

आमच्या वारूळवाडीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात एक स्टीलची वाटी आहे. तिच्यातून कुणी कधी काही खाल्लेलं नाही. डोळे आलेला पेशंट आला, की आमच्या मदतनीस हिरामावशी त्याच्या खालच्या पापणीला आतून तपासणीची पट्टी टेकवतात, औषधात बुडवून टेबलावर ठेवतात आणि वर ही वाटी पालथी घालतात. पुढची दहा मिनिटं वाटीला डॉक्टरांनीही हात लावायचा नाही.

"भाकर घाईनं उलथली तर कच्चीच ऱ्हाती," मावशी म्हणतात.

पट्टीवर एक रेघ आली तर साथीचा विषाणू नाही. दोन आल्या तर आहे, मग आठवडाभर घरी. मावशी मूळच्या घाटघरच्या, शिक्षण सातवी, पण निकाल सांगताना हायकोर्टाचा जज्ज फिका पडावा. पिंपरी पेंढारचा एक नवरदेव हळदीच्या दिवशी गॉगल लावून आला. दुसरी रेघ जरा पुसट होती.

"हलकीच हाय की मावशी, जाऊ द्या."

"हलकी असली तरी रेघ ती रेघ. लगीन पुढं ढकला, पावणं. न्हाईतर आख्खं वऱ्हाड डोळे चोळीत घरी जाईल."

लग्न पुढे गेलं. नवरदेवाची आई मावशींना नाही नाही ते बोलली, आणि लग्नानंतर पेढेही तीच घेऊन आली.

मावशींचा नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. भावाला बारा वर्षांनी मुलगी झाली, तेव्हापासून मी केसपेपर लिहिताना बारशाशिवाय दुसरं काही ऐकलं नाही. आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगायचं आणि बायकांनी आत्याच्या पाठीत बुक्के घालायचे. "लई दिस झालं, माझी पाठ तयार हाय," असं त्या पेशंटलाही सांगायच्या.

बारशाच्या सकाळी नवं लुगडं नेसून, एसटी पकडायच्या आधी त्या दवाखान्यात आल्या. डावा डोळा किंचित लाल होता. "लाव पट्टी, पोरी," म्हणाल्या. वाटी त्यांनीच पालथी घातली आणि दहा मिनिटांनी त्यांनीच उचलली.

"मावशी, मला तर एकच रेघ दिसतेय," मी खोटं बोलले.

"मला दोन दिसत्यात."

त्यांनी भावाला फोन लावला. "बाळाच्या कानाला धर," म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून हळूच नाव सांगितलं. पलीकडे बायकांचा हसण्याचा गलका झाला. मावशींचे दोन्ही डोळे भरले, पण त्यांनी डोळ्याला हात लावला नाही. इतका अभिमान मला आजवर कुणाचा वाटला नव्हता.

"बुक्के कुणाला घातले आसतील गं?" त्यांनी विचारलं.

मी उठले आणि त्यांच्या पाठीत एक सणसणीत बुक्का घातला.

"आता साबणानं हात धू," मावशी म्हणाल्या.