कथलाचे ताट आणि नववा डाव

ब्रॅकेनफोर्ड या आमच्या गावाचा व्यावसायिक बेसबॉल संघ, म्हणजे ब्रॅकेनफोर्ड बगळे, त्या हंगामातले पहिले एकोणीस सामने ओळीने हरला. गावाने या गोष्टीची गंभीर दखल घेतली. न्हाव्याने दुकानाच्या काचेवरचा बगळा खरवडून काढला, पाद्रीबाबांनी सहनशीलतेवर लागोपाठ तीन प्रवचने दिली, आणि क्लबच्या कचेरीने तिकिटामागे छापलेला ‘आनंदाची हमी’ हा मजकूर बदलून ‘आनंदाची शक्यता’ असा केला.

मी वेंडेल क्राऊस, धावफलकावरचा माणूस. आमचा धावफलक विजेचा नाही. मैदानाच्या टोकाला हिरवी लाकडी भिंत, भिंतीमागे शिडी, शिडीवर मी. डाव संपला की जितक्या धावा झाल्या त्या आकड्याची पत्र्याची पाटी खिळ्याला अडकवायची. एकोणचाळीस वर्षे हेच केले. त्या एप्रिलमध्ये मला एकच आकडा लागत होता, तो म्हणजे शून्य. वापरून वापरून शून्ये गंजली, दोन तर वाऱ्याने उडून नदीत गेली. मी नव्या शून्यांची लेखी मागणी केली. आठ दिवसांनी उत्तर आले: ‘खेळाडूंच्या मनोधैर्याचा विचार करता या हंगामात शून्यांची खरेदी करता येणार नाही. पाच आणि सहा हे आकडे मुबलक शिल्लक आहेत, ते वापरावेत.’

पाच आणि सहा वापरण्याची माझी तयारी होती. संघाची नव्हती. म्हणून विसाव्या सामन्याच्या सकाळी मी स्वयंपाकघरातल्या फडताळातून ॲपल पाय भाजायचे कथलाचे गोल ताट काढले, त्याला काळा रंग दिला आणि वर पांढरे शून्य काढले. शून्य सुरेख आले. ताट माझ्या सासूचे होते.

“वेंडेल, आईचं ताट कुठंय?” ओटिलीने, म्हणजे माझ्या बायकोने विचारले.

“नोकरीला लागलंय.”

तिने अंगणात जाऊन वाळत घातलेले ताट पाहिले. ती काही बोलली नाही. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात ती काही बोलली नाही असे दोनदाच झाले, आणि दोन्ही वेळा बॅग भरली गेली.

“मी हिल्डाकडे चालले,” ती म्हणाली. हिल्डा तिची बहीण, नदीच्या पलीकडे राहते. “ते ताट ज्या दिवशी फडताळात येईल त्या दिवशी मी येईन. आणि रंग खरवडून आण, नुसता पुसून नको.”

त्या दुपारी बगळे जिंकले. चार विरुद्ध तीन. पाहुण्यांच्या नवव्या, म्हणजे शेवटच्या डावात एकही धाव झाली नाही, आणि त्या चौकटीत मी सासूबाईंचे ताट लावले. लोक मैदानात शिरून एकमेकांच्या गळ्यात पडले. मीही खूश होतो. संध्याकाळी ताट काढायचे, रंग खरवडायचा आणि पूल ओलांडून बायकोला आणायचे, एवढाच माझा बेत होता.

शिडी उतरलो तर खाली मिस ओडेगार्ड वही घेऊन उभ्या. या बाई विद्यापीठातून आकड्यांची पदवी घेऊन नुकत्याच क्लबात आल्या होत्या. त्यांचा हुद्दा सातत्य अधिकारी.

“मिस्टर क्राऊस, ताटाला हात लावू नका. आज सकाळपासून तुमच्या आयुष्यात नेहमीपेक्षा वेगळं काय काय घडलं?”

“बायको गेली.”

“अरेरे! कधी वारल्या?”

“वारली नाही हो, रुसली. बहिणीकडे गेली.”

“किती वाजता?”

“नऊ दहाला.”

त्यांनी लिहून घेतले आणि खाली दोन रेघा मारल्या.

आमच्या खेळाडूंना शकुन-अपशकुनाचे वेड पूर्वीपासून आहे. कुणी चुन्याच्या रेघेवर पाय देत नाही, कुणी जिंकण्याची मालिका तुटेपर्यंत मोजे धूत नाही. पण ते ज्याचे त्याच्यापाशी असे. मिस ओडेगार्डनी त्याला शिस्त लावली. दुसऱ्या दिवशी भिंतीवर विजयपूरक परिस्थितीची यादी लागली. तीत दोनशे चौदा कलमे होती. त्या सामन्याच्या दिवशी जे जे झाले ते ते प्रत्येक सामन्याला व्हावे, असा हुकूम.

“म्हणजे ही अंधश्रद्धाच झाली की,” मी म्हणालो.

“अंधश्रद्धेत नोंदी ठेवत नाहीत,” मिस ओडेगार्ड म्हणाल्या. “आपण ठेवतो.”

कलम सात: डाव्या टोकाचा क्षेत्ररक्षक डेकर याचे मोजे. कलम एकतीस: प्रशिक्षक हस्केल यांच्या कॉलरवर मोहरीच्या चटणीचा डाग, आकार अक्रोडाएवढा. कलम साठ: तिसऱ्या डावात मैदानात एक तपकिरी कुत्रे धावत येईल. कलम एकशे दोन: राष्ट्रगीत म्हणणाऱ्या बाई दुसऱ्या ओळीला अडखळतील. कलम दोनशे तेरा: पाहुण्यांच्या नवव्या डावात क्राऊस यांचे ताट. कलम दोनशे चौदा: श्रीमती क्राऊस, नदीपलीकडे, रागात.

दुसरा सामना जिंकला. तिसराही जिंकला. मग कोण ऐकतो!

जूनपर्यंत सलग सव्वीस विजय झाले. राष्ट्रगीतवाल्या बाईंचे अडखळणे रटाळ होऊ लागले, म्हणून त्यांना अडखळण्याची शिकवणी लावली. कुत्र्याला संघाचा पोशाख आणि करारपत्र मिळाले. त्या पहिल्या दिवशी अकरा मिनिटे पाऊस पडला होता, म्हणून अग्निशमन दलाचा बंब येऊन सहाव्या डावात प्रेक्षकांना अकरा मिनिटे भिजवू लागला, आणि लोक आनंदाने छत्र्या मिटून भिजू लागले. परगावच्या सामन्यांना मी बसमधून जाई आणि कुंपणामागे ताट छातीशी धरून उभा राही. डेकरच्या मोज्यांना बसमध्ये स्वतंत्र बाक दिला होता. त्या बाकाच्या आसपास कुणी बसत नसे.

दर रविवारी मी ओटिलीला फोन करी. सत्ताविसाव्या विजयानंतर तिचा आवाज मऊ लागला.

“हिल्डाच्या ताटात ॲपल पाय केला. खालून कच्चा राहिला,” ती म्हणाली. “वेंडेल, मला आता राग नाही रे. ताट राहू दे तिकडं. तू ये आणि मला घेऊन जा.”

मी टोपी शोधू लागलो. पण आमचा फोन आता क्लबमार्गे जात होता, आणि मध्येच मिस ओडेगार्डचा आवाज आला.

“श्रीमती क्राऊस, राग नाही म्हणजे नक्की किती नाही?”

“तू कोण गं मध्ये बोलणारी?”

“छान, थोडा आहे,” मिस ओडेगार्डनी नोंद केली.

दुसऱ्या दिवशी क्लबने हिल्डाच्या घरी एक मोठे छायाचित्र पाठवले. त्यात कुत्रे सासूबाईंच्या ताटात पाणी पीत होते. ओटिलीचा राग ऑगस्टपर्यंत टिकला.

गाव माझ्याशी फार चांगले वागले, हे मुद्दाम सांगतो. रोज कुणीतरी गरम जेवण आणून देई. “बिचारा वेंडेल, बायकोवाचून सुकला,” असे म्हणत आणि माझा खांदा थोपटत. पण कुणाची गाडी पुलापर्यंत सोडील का, असे विचारले की प्रत्येकाच्या गाडीचा गिअरबॉक्स बिघडलेला. पाद्रीबाबांना गाठून म्हटले, “तुम्हीच आमचं लग्न लावलंत. तुम्हीच काहीतरी करा.” “वेंडेल, देवानं जोडलेलं माणसानं तोडू नये हे खरंच,” ते म्हणाले. “पण अंतिम सामना सप्टेंबरातच आहे की.”

ऑगस्टात ओटिली स्वतःच निघाली. पुलावर शेरीफच्या पोलिसाने टोपी काढून तिला अडवले.

“मॅडम, तुमचा काही गुन्हा नाही. पण परत जा, हात जोडतो. माझ्या मुलीनं बाळाचं नाव बगळ्यांवरून ठेवलंय.”

“बगळा ठेवलंय?”

“विजया. मालिका तुटली तर त्या पोरीनं करायचं काय?”

ओटिली परत गेली. त्या रविवारी फोनवर ती एवढेच म्हणाली, “वेंडेल, तुला मी हवी का ती चौकट भरायला हवी, ते ठरव.” मिस ओडेगार्डनी रागाच्या रकान्यात ‘उत्तम’ असे लिहिले. मी मात्र त्या रात्री जेवलो नाही.

अंतिम सामना आमच्याच मैदानावर झाला. तीन विरुद्ध दोन असे आम्ही पुढे होतो. पाहुण्यांचा नववा डाव, दोन गडी बाद, त्यांचे दोघे धावपटू तळांवर उभे. आणखी एक बाद झाला की विजेतेपद आमचे. मी शिडीवर ताट हातात घेऊन तयार. गंजलेली बाकी शून्ये केव्हाच लागली होती, आणि एकदा लावलेली पाटी हलवायची नाही असे कलम होते.

तेवढ्यात खालून आवाज आला, “सरक जरा.”

मैदानामागेच नदी आहे. ओटिली हिल्डाच्या नवऱ्याची मासेमारीची होडी वल्हवत आली होती. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर रविवारची टोपी. ती शिडी चढू लागली.

“ओटिली, एकच बाद राहिलाय!”

“माझा एकच नवरा राहिलाय. ताट आण इकडं.”

मी मैदानाकडे पाहिले. अकरा हजार माणसे श्वास रोखून बसली होती. मग तिच्या हातांकडे पाहिले. वल्ह्याने तळहाताला फोड आले होते. मी ताट तिच्या हातात दिले.

नेमका त्याच क्षणी चेंडू उंच उडाला. सरळ डेकरकडे, अगदी पोरानेही झेलावा असा. डेकर चेंडूखाली उभा राहिला, आणि ताट जागेवर आहे ना हे पाहायला त्याने मान वळवली. शिडीवर मी बायकोला मिठी मारत होतो. “कलम दोनशे चौदा!” असे तो किंचाळला, आणि चेंडू त्याच्या मागे गवतात पडला. दोन धावा झाल्या. पुढचा फलंदाज लगेच बाद झाला, पण आता चार विरुद्ध तीन असे पाहुणे पुढे होते. आमच्या वाट्याच्या नवव्या डावात तिघेही घामेघूम होऊन परतले. धावा शून्य.

“क्राऊस, शून्य लावा!” पंच ओरडले.

“नाही,” मी म्हणालो. आणि खरेच नव्हते. शून्य होडीत बसून ओटिलीच्या मांडीवर घरी निघाले होते.

मग मिस ओडेगार्ड हळूहळू उठल्या. त्यांच्या चेहऱ्यावर पदवीचे तेज आले.

“आपल्या नवव्या डावाची धावफलकावर नोंद नाही,” त्या म्हणाल्या. “ज्याची नोंद नाही ते झालेलं नाही. सामना अजून चालू आहे!”

असा जल्लोष मी चौसष्ट विजयांतही ऐकला नव्हता.

लीगकडे अर्ज गेला. तो विचाराधीन आहे. आठवड्याभराने आमच्या घरी क्लबचे पत्र आले: ‘सामना सुरू असल्याने सदर ताट कोणत्याही परिस्थितीत धावफलकावर लावू नये. ते श्रीमती क्राऊस यांच्या फडताळातच राहावे, आणि श्रीमती क्राऊस यांनीही घर सोडू नये. त्या आनंदात असाव्यात.’ ताट रिकामे सापडून कुणी पळवू नये, म्हणून गावकरी आळीपाळीने येऊन त्यात ॲपल पाय आहे ना ते बघतात. असला की खातात, म्हणून ओटिलीला लगेच दुसरा करावा लागतो.

“मला नाताळात हिल्डाकडे जायचंय,” परवा ती म्हणाली.

“पुलावर माणूस बसवलाय.”

“मला राग येतोय, वेंडेल.”

“येऊ देऊ नकोस गं, मिस ओडेगार्ड ओट्यावर बसल्यात.”

हे वाचून तुम्ही हसला असाल. हसा. आमच्या गावात वेडे भरलेत असेही म्हणा. पण मागच्या वेळी तुमचा संघ जिंकत असताना, तहान लागली म्हणून उठणाऱ्या माणसाला खाली कुणी बसवले होते, तेवढे आठवा. आणि आता ज्या कुशीवर, ज्या पायावर पाय टाकून हे वाचताय, तसेच राहा. सामना अजून चालू आहे.