पुढच्या रांगेतल्या दोन जागा

देवसिंग राठोडांनी नाटकघरात पाय ठेवला, लाल मखमलीच्या खुर्च्या पाहिल्या आणि खांद्यावरचा दुपट्टा काढून पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्यांवर पसरला. घाटंजीच्या स्टँडवर एसटी लागली की खिडकीतून ते असंच करत.

"आबाजी, काय करून राह्यले?" नात वर्षा कुजबुजली. "आज नाटक नाही. नुसतं पाहाचं हाय."

"जागा रिकामी हाय ना? धरून ठेवली. कोनाचं काय जाते?"

यवतमाळच्या जुन्या कापूसबाजारातलं हे नाटकघर शंभर वर्षांचं. नुकतीच रंगरंगोटी होऊन लोकांना पाहायला खुलं झालेलं. त्याला लागूनच छताखालच्या दुकानांच्या गल्ल्या. रजत नावाचा गाइड दर रविवारी दोन्ही फिरवून दाखवी. देवसिंगांचं लक्ष त्याच्या बोलण्यात नव्हतं, शेजारी उभ्या असलेल्या बायकोकडं होतं. लग्नाच्या वर्षी त्यांनी बसंतीबाईला शब्द दिला होता, 'तुले पुढं बसवून नाटक दाखवीन.' सेहेचाळीस वर्षांत तीनदा नेलं. एकदा खांब आडवा आला, एकदा पुढ्यात फेटेवाला बसला, तिसऱ्यांदा पोचले तेव्हा पडदा पडत होता.

रजत मान वर करून छताची नक्षी समजावत होता. मागच्या घोळक्यातल्या राळेगावच्या डोमाजींना दुपट्टा दिसला.

"म्हातारा पक्का दिसते. याले काही तरी खबर असंल," म्हणत त्यांनी शेजारच्या खुर्चीवर टोपी ठेवली. ते पाहून हंसाबाईंनी पिशवी ठेवली. मग कोणी छत्री, कोणी पाण्याची बाटली.

मंडळी गल्ल्यांमध्ये आली. छताच्या काचांतून ऊन गाळून खाली येत होतं. डोमाजींच्या डोक्यावर टोपी नाही हे बांगडीवाल्यानं हेरलं.

"टोपी कोठी हाय जी?"

"आत. जागा धरली. दोन रांगा तर भरल्याबी."

बांगडीवाल्यानं पुढचं ऐकलंच नाही. बांगड्यांची चार रिकामी खोकी उचलून तो नाटकघराकडं सुटला. त्याला पळताना पाहून कापडवाल्यानं आपला मोजायचा गज नेऊन ठेवला, भांडेवाल्यानं सहा डबे. तासाभरात 'आज नाटक हाय' ही बातमी बाजारभर झाली.

पाच वाजता मॅनेजर अमर कुलूप लावायला आला, तर तीनशे माणसं बंद पडद्याकडं तोंड करून बसलेली.

"कोनाचं नाटक हाय?" त्यानं विचारलं.

"मॅनेजर तुमी, अन् आमाले इचारता?"

मागून शिट्ट्या सुरू झाल्या. चौकशी डब्यांवरून गजाकडं, गजावरून खोक्यांकडं, मग टोपीकडं सरकत आली आणि दुपट्ट्यापाशी थांबली.

"काकाजी, आता तुमीच वरतं चढा अन् सांगा लोकाईले," अमरनं हात जोडले.

देवसिंगांनी शेजारी पाहिलं. बसंतीबाई ओढणी सावरून ऐटीत बसली होती. मधोमध, समोर ना खांब ना फेटा. हिला आता काय सांगायचं? ते पाय ओढत रंगमंचावर गेले.

"मंडळी, नाटक नाही. चूक माही हाय." कारण सांगायचं म्हणून त्यांनी शब्द दिल्यापासून सगळं सांगितलं. खांबाशी आले तेव्हा हशा पिकला, फेट्याला टाळ्या पडल्या.

"तिसऱ्या बारीले बैल लंगडला, म्हनून उशीर झाला."

"खोटं!" पहिल्या रांगेतून आवाज आला. "बैल चांगला होता. तुमी साडूच्या घरी मटन खात बसलते!"

"अवं, तू बस खाली."

"कायले बसू? सेहेचाळीस वर्सं बसलीच हावो!"

ओढणी खोचून बसंतीबाई पायऱ्या चढली. पुढचा पाऊण तास लोक पोट धरून हसत होते. साडूनंतर सासरा निघाला, सासऱ्यानंतर हरवलेली म्हैस. अमरनं शेवटी पडदा पाडला, तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

घाटंजीच्या बसमध्ये दोघं शेजारी बसली, वर्षा मागच्या सीटवर.

"लय हासले लोकं," बसंतीबाई म्हणाली. "चांगलं झालं असंल."

"असंल. मी तं वरतं होतो. मले काय दिसते?"

"मीबी वरतंच होती." ती खिडकीबाहेर पाहत राहिली. मग वळून म्हणाली, "मंग आता दाखोता कधी?"