पाठ करून तोललेलं खोटं

खोटं तोलायचं असेल तर ते पारड्यात तोंड घालून पुन्हा बोलावं लागतं. गावच्या तराजूघराचा हा जुना नियम. त्यासाठीच कुसुमताई हिंगमिरे सकाळपासून बाकावर बसल्या होत्या.

त्यांच्या भावाने शेवटच्या घटकेला विचारलं होतं, "सुधन्वा आला का?" पोरगा आलेला नव्हता. ताई म्हणाल्या, "आलाय. बाहेर चपला काढतोय." भाऊ समाधानाने गेला. सुधन्वा दुसऱ्या दिवशी उगवला आणि त्याने आत्यावरच तक्रार ठोकली. खोटं जड भरलं तर आत्याने घर सोडायचं. नवरा गेल्यापासून ताईंना भावाच्या घराखेरीज थारा नव्हता.

तोलणारे लोखंडे यांनी रिकामी पारडी टांगून पासंग पाहिला. नियमाप्रमाणे दोन तत्त्वज्ञ हजर होते, आणि नियमाप्रमाणेच त्यांचं पटत नव्हतं.

"वजन कृत्यातच असतं," बापटसर म्हणाले. "कुणी बघो न बघो."

"वजनबिजन काही नसतं," मुजावरबाई म्हणाल्या. "आपण नाक मुरडतो, म्हणून दांडी झुकते."

"मग सगळेच तराजूकडे पाठ करा," लोखंडे म्हणाले.

ताईंनी वाकून ते वाक्य पारड्यात म्हटलं आणि भिंतीकडे तोंड केलं. मग मागे पारडं फरशीला टेकलं.

"जड," लोखंडे म्हणाले.

"कान टवकारले होते ना सगळ्यांनी?" मुजावरबाई म्हणाल्या. "ते बघण्यातच जमा."

ताईंनी पिशवी उचलली. ती त्यांनी घरून भरूनच आणली होती.

"थांब आत्या," सुधन्वा म्हणाला. "बाबांनी मला शिव्या द्यायला हव्या होत्या. त्याही तू मिळू दिल्या नाहीस." त्याला रडू फुटलं. डोळे मिटून तो वळला, चाचपडत दुसऱ्या पारड्यापाशी गेला आणि त्यात तोंड घालून म्हणाला, "मी तेव्हा दारातच होतो."

साखळ्या करकरल्या. टेकलेलं पारडं वर उठलं.

"समतोल," लोखंडे म्हणाले. "आपापलं खोटं घेऊन घरी जा."

"दोन चुकांचं शून्य होत नाही हो," बापटसर कळवळले.

"आधीपासून शून्यच होतं," मुजावरबाई म्हणाल्या.

घरी सुधन्वा उंबऱ्याबाहेर चपला काढायला थांबला. ताई आत जाऊन भावाच्या रिकाम्या खाटेपाशी उभ्या राहिल्या.

"आलाय," त्या म्हणाल्या. "बाहेर चपला काढतोय."

तराजूघरात दांडी जागची हलली नाही.